तळाशी कोरलेली देवता

13 ऑगस्ट 1790. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात गटारांचं आणि फरसबंदीचं काम चालू होतं. स्पेनच्या राजाचा तिथला व्हाइसरॉय, काउंट रेव्हियाहिहेदो, याने राजधानी स्वच्छ आणि देखणी करायचं मनावर घेतलं होतं. चौकाच्या कडेला, राजवाड्यापासून जवळच, खोदताना मजुरांना एक प्रचंड शिळा लागली. माती सारली तशी ती शिळा नव्हे, मूर्ती आहे हे उघड झालं. अडीच मीटर उंच आणि डोकं नसलेली. तुटलेल्या मानेतून दोन साप उसळून वर आलेले आणि एकमेकांसमोर तोंड करून उभे, त्यामुळे दुरून पाहताना त्या दोन सापांचाच मिळून एक चेहरा दिसतो. गळ्यात माणसांचे तळहात आणि काळजं ओवलेली माळ, माळेला कवटीचं पदक. कमरेला वळवळत्या सापांनी विणलेला घागरा. पायांच्या जागी श्वापदाचे पंजे. ही देवमाता कोआत्लिकुए, म्हणजे सापांचा घागरा नेसलेली.

मूर्ती विद्यापीठाच्या आवारात नेली. प्राचीन वस्तू म्हणून ती जपावी असा व्हाइसरॉयचा हेतू होता. पण थोड्याच दिवसांत स्थानिक मूलनिवासी लोक तिच्या दर्शनाला येऊ लागले. आधी ते नुसतं कुतूहल वाटलं. मग लक्षात आलं, की कोणी पाहत नाही असं बघून काही जण तिच्यापुढे मेणबत्त्या लावतात. स्पॅनिश राज्याला तेव्हा जवळजवळ पावणेतीनशे वर्षं झाली होती, बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या. तरी आई ओळखली गेली. विद्यापीठाने तिला त्याच आवारात पुन्हा पुरून टाकलं. 1803 मध्ये जर्मन प्रवासी आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आला, तेव्हा एका बिशपच्या मध्यस्थीने त्याच्यापुरती ती उकरून दाखवली आणि तो गेल्यावर परत बुजवली.

कोआत्लिकुए सापडली त्याच वर्षी, 1790 मध्ये, 17 डिसेंबरला त्याच चौकात दुसरी शिळा निघाली होती. साडेतीन मीटरहून अधिक व्यासाची, चोवीस टनांच्या आसपास वजनाची. ती सूर्यशिळा. तिच्यावर वर्तुळांत दिवसांची चिन्हं आहेत, याआधी नष्ट झालेल्या चार सूर्यांची, म्हणजे चार युगांची, चिन्हं आहेत. विद्वानांना तिच्यात खगोल दिसला, गणित दिसलं, म्हणून ती थेट कॅथेड्रलच्या मनोऱ्याला टेकवून उभी केली आणि 1885 पर्यंत ती तिथेच होती. एकाच धर्माच्या या दोन मूर्त शिळा. ज्यात विज्ञान दिसलं तिला चर्चची भिंत मिळाली आणि जिच्यात भक्ती जागी होती तिला जमिनीखाली धाडलं. वस्तू एकच गोष्ट सांगत असतात, आपण त्यातलं ऐकतो निवडून, याचं इतकं लख्ख उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

आंतोनियो दे लेओन इ गामा नावाच्या अभ्यासकाने 1792 मध्ये या दोन्ही शिळांवर पुस्तक लिहिलं. त्यात कोआत्लिकुएच्या तळव्याचंही चित्र आहे. कारण मूर्ती आडवी असताना एक विलक्षण बाब दिसली होती. तिच्या पायांखाली, जो भाग जमिनीला टेकणार, जो कोणाच्याही नजरेला कधी पडणार नाही, तिथेही पूर्ण देवता कोरलेली आहे. गामाला तो मृतांचा देव वाटला. आज आपण तिला त्लाल्तेकुत्ली म्हणून ओळखतो, म्हणजे धरित्री. शिल्पकाराने तेवढेच कष्ट घेऊन ती कोरली आणि मग तिच्यावर काही टनांचा दगड उभा करून तिला कायमचं झाकलं. ती बघणार होती फक्त जमीन.

ही मूर्ती घडवणाऱ्या लोकांच्या धर्माबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बहुतेक त्यांना जिंकणाऱ्यांनी आणि त्यांचं धर्मांतर करणाऱ्यांनी लिहून ठेवलं. जमिनीखालच्या वस्तू मात्र भक्तांनी स्वतःच्या हाताने ठेवलेल्या आहेत, देवाखेरीज कोणी पाहू नयेत म्हणून. मला या साऱ्या इतिहासात तेच अधिक मोलाचं वाटतं.

जग ज्यांना अॅझ्टेक म्हणतं ते स्वतःला मेशिका म्हणवत. उत्तरेकडून पाठीवर बिऱ्हाड घेऊन आलेली ही टोळी मेक्सिकोच्या खोऱ्यात पोचली तेव्हा चांगली जमीन आधीच इतरांनी धरलेली होती. उरली होती ती तेस्कोको सरोवरातली दलदलीची बेटं. परंपरा सांगते, की निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे थांबा, असा त्यांच्या देवाचा, उईत्सिलोपोच्त्लीचा, आदेश होता. तो गरुड त्यांना या बेटावर दिसला. तेनोच्तित्लान शहराची स्थापना 1325 ची मानतात. पहिलं काम त्यांनी केलं ते देवळाचं, दलदलीत मिळेल त्या लाकडा-मातीचं.

पुढच्या दोनशे वर्षांत त्या देवळाचा डोंगर झाला. पायऱ्यापायऱ्यांचा उंच चौथरा, वर शेजारी शेजारी दोन गाभारे. दक्षिणेचा उईत्सिलोपोच्त्लीचा. हा युद्धाचा आणि सूर्याचा देव, टोळीचं कुलदैवत. उत्तरेचा त्लालोकचा. हा पावसाचा देव, मेशिका येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या खोऱ्यातले शेतकरी त्याला भजत होते. नवख्या, लढाऊ टोळीने आपल्या देवाशेजारी जुन्या रहिवाशांच्या देवाला बरोबरीची जागा दिली. राज्य दोन गोष्टींवर उभं होतं, लुटीवर आणि मक्यावर. देऊळही दोन गाभाऱ्यांचं.

हे देऊळ त्यांनी कधी पाडून नव्याने बांधलं नाही. जुन्यावरच नवा चौथरा चढवत गेले. एक तर सरोवराच्या गाळात बांधकाम खचत असे, शिवाय प्रत्येक राजाला आपल्या नावाची भर घालायची असे. अशी सात आवरणं झाली. कांद्याच्या पाकळीसारखी, एकाच्या पोटात एक. 1487 मध्ये आउईत्सोत्ल राजाने केलेला वास्तुसोहळा खोऱ्याच्या आठवणीत राहिला तो तिथे बळी दिलेल्या युद्धकैद्यांच्या संख्येमुळे. इतिवृत्तकार पाद्री दिएगो दुरान याने हा आकडा ऐंशी हजारांच्या वर दिला आहे. तो खरा मानणं कठीण आहे. पण आकडा फुगवलेला होता म्हणून बळी नव्हतेच, असं म्हणायची सोय पुढे जमिनीने ठेवली नाही.

8 नोव्हेंबर 1519 ला स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस या शहरात पाहुणा म्हणून शिरला. पुढच्या मे महिन्यात त्याच्या माघारी त्याचा सहकारी पेद्रो दे आल्व्हारादो याने तोश्कात्लच्या उत्सवात नाचणाऱ्या निःशस्त्र सरदारांची देवळाच्या आवारातच कत्तल केली आणि शहर उठलं. 30 जूनच्या रात्री स्पॅनिश पळाले. त्यानंतर आली देवीची साथ, जिचं नावही या खंडाला ठाऊक नव्हतं. तिने राजालाही नेलं. मग स्पॅनिश परतले ते त्लाश्काला आणि इतर शेजारी राज्यांच्या हजारो सैनिकांसह, कारण मेशिकांच्या खंडणीला आणि बळींना ही राज्यं विटलेली होती. वेढा, तुटलेलं पिण्याचं पाणी, उपासमार. शेवटचा राजा क्वाउतेमोक पकडला गेला तो दिवस 13 ऑगस्ट 1521. कोआत्लिकुए बाहेर आली ती याच तारखेला, 269 वर्षांनी.

देऊळ पाडलं. त्याच्या दगडांतून नवं शहर उभं राहिलं. पहिल्या कॅथेड्रलच्या खांबांच्या बैठकाही देवळाचेच दगड ताशून केल्या. हे वाचताना गोव्याची आठवण होते. त्याच शतकात, थोड्याच दशकांनी, पोर्तुगीजांनी गोव्यातली देवळं पाडली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार नेऊन भक्तांनी अंत्रुज महालात, आजच्या फोंड्याकडे, वसवली. ते देव वाचले कारण नदीपलीकडे पोर्तुगिजांचं राज्य नव्हतं. मेशिकांना नदीपलीकडचा किनाराच नव्हता. त्यांनीही प्रयत्न केला. 1539 मध्ये पहिला बिशप हुआन दे सुमार्रागा याने मिगेल नावाच्या एका मूलनिवासी माणसाची चौकशी चालवली. महादेवळातले देव कापडात गुंडाळून बाहेर काढून लपवल्याचा त्याच्यावर आरोप होता. ते देव कधीच सापडले नाहीत.

आणि इथे इतिहास एका वेगळ्याच माणसाकडे वळतो. बेर्नार्दिनो दे साआगुन हा फ्रान्सिस्कन पाद्री 1529 मध्ये मेक्सिकोला आला आणि 1590 मध्ये तिथेच वारला. रोग बरा करायचा तर वैद्याला रोगाची ओळख हवी, तशी मूर्तिपूजा उपटायची तर तिची इत्थंभूत माहिती हवी, ही त्याची भूमिका. त्याने वृद्ध जाणकारांना बोलतं केलं. त्लातेलोल्कोच्या विद्यालयात शिकलेल्या तरुण स्थानिक विद्वानांनी ते मेशिकांच्या नाउआत्ल भाषेत उतरवलं. त्यातून बारा खंडांचा ग्रंथ झाला, त्याची सचित्र प्रत आज फ्लॉरेन्समध्ये आहे. धर्म नष्ट करण्यासाठी केलेलं टिपण त्या धर्माचा सर्वांत मोठा दस्तऐवज ठरलं. पण त्यातल्या कथा म्हणजे हरलेल्यांनी, जिंकणाऱ्यासमोर बसून, बंदी आलेल्या देवांविषयी सांगितलेल्या आठवणी. त्या कितपत खऱ्या? ताडून पाहायला साधन नव्हतं. देऊळ नक्की कुठे होतं, याचाही शहराला विसर पडला. ते कॅथेड्रलच्या खाली आहे, असं लोक समजत. 1914 मध्ये पुरातत्त्वज्ञ मानुएल गामिओने कॅथेड्रलच्या बाजूच्या रस्त्यालगत त्याचा एक कोपरा शोधून काढला, पण वर उभ्या इमारती हटवून पुढे खणायची तयारी कोणाची नव्हती.

ते साधन हाती आलं 21 फेब्रुवारी 1978 ला. ग्वातेमाला आणि आर्हेंतिना या रस्त्यांच्या चौफुलीवर वीज कंपनीचे कामगार खोदत होते. दोनेक मीटर खोल त्यांना कोरीव दगड लागला. पुरातत्त्व खात्याची माणसं आली आणि काही दिवसांत सव्वातीन मीटर व्यासाची, सुमारे आठ टनांची गोल शिळा उघडी झाली. तिच्यावर एका स्त्रीचं शरीर, तुकडे तुकडे केलेलं. शीर धडावेगळं, हात वेगळे, पाय वेगळे. सांध्यांतून हाडं बाहेर आलेली. कमरेला सापाचा पट्टा, त्यावर कवटी. आणि गालावर घुंगरू.

घुंगरांवरूनच ओळख पटली. कोयोल्शाउकी, म्हणजे जिच्या गालावर घुंगरं आहेत ती. साआगुनच्या जाणकारांनी सांगितलेली कथा अशी: कोआतेपेक, म्हणजे सर्पटेकडीवर, कोआत्लिकुए देऊळ झाडत होती. आकाशातून पिसांचा एक गोळा खाली आला. तिने तो उचलून कमरेला खोवला आणि तिला दिवस गेले. तिच्या मुलीला, कोयोल्शाउकीला, ही बेअब्रू वाटली. तिने आपल्या चारशे भावांना भडकावलं आणि आईला मारायला सारे शस्त्रं परजून टेकडी चढू लागले. ते माथ्यावर पोचले त्या क्षणी पोटातला उईत्सिलोपोच्त्ली पूर्ण शस्त्रसज्ज जन्मला. त्याने अग्निसर्पाने बहिणीचं मुंडकं उडवलं. तिचं धड टेकडीवरून गडगडत खाली आलं आणि हातपाय वाटेत विखुरले.

शिळा सापडली ती जागा उईत्सिलोपोच्त्लीच्या गाभाऱ्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या अगदी तळाशी होती. जिन्याच्या पायथ्याशी सापांची प्रचंड मुंडकी बसवलेली. म्हणजे हे देऊळ हीच सर्पटेकडी. माथ्यावर विजयी भाऊ, पायथ्याशी तुकडे झालेली बहीण. बळी दिलेल्या कैद्याचं शव वरून जिन्यावर लोटत ते घरंगळत याच दिशेला येई. बळी म्हणजे शत्रूला मारणं एवढंच नव्हतं. जगाच्या पहिल्या सकाळी जे घडलं ते प्रत्येक वेळी तसंच्या तसं पुन्हा घडवणं होतं. कथा वाचून हे कोणाला सुचलं असतं का? मला शंका आहे. शिळा तिच्या जागी सापडली म्हणून कळलं. तीच शिळा कोणी उचलून संग्रहालयात आणून ठेवली असती तर आपण तिच्या कोरीवकामाची वाखाणणी करत बसलो असतो.

राष्ट्राध्यक्ष होसे लोपेस पोर्तियो यांनी वरच्या इमारती हटवायला परवानगी दिली. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं. स्पॅनिशांनी पाडलं होतं ते बाहेरचं आवरण. त्याच्या पोटातली जुनी देवळं तशीच होती. 1390 च्या आसपासचं दुसरं आवरण तर दोन्ही गाभाऱ्यांच्या भिंतींसह मिळालं. त्लालोकच्या दारासमोर चाकमोल, म्हणजे नैवेद्य स्वीकारायला पोटावर पात्र धरून पाठीवर रेललेली मूर्ती, अंगावरच्या रंगांसह. उईत्सिलोपोच्त्लीच्या दारासमोर बळीची काळी शिळा.

पण खरा ऐवज निघाला फरशांखाली. दगडी पेट्या, खड्डे, कोनाडे. त्यांत देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवून वरून बंद केलेल्या. अशा दोनशेहून अधिक ठेवी आजवर मिळाल्या आहेत. त्यांतल्या वस्तू कशाही कोंबलेल्या नाहीत, थरांनी रचलेल्या आहेत. अनेक पेट्यांत तळाला समुद्राची वाळू, त्यावर शंखशिंपले आणि पोवळी, मग मगरीचं कातडं किंवा करवतमाशाची करवत, त्यावर गारगोटीच्या सुऱ्या, सर्वांत वर देवांच्या मूर्ती. सुऱ्यांना शिंपल्यांचे डोळे आणि दात बसवलेले, म्हणजे सुरी हे हत्यार नव्हे, तीही एक जीव. समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर, वाटेत डोंगर, आणि ओझं वाहायला माणसाच्या पाठीखेरीज काही नाही. बैल नव्हते, घोडे नव्हते, गाडीही नव्हती. तरी समुद्राची वाळू आणली. पेटी म्हणजे पाताळापासून वरपर्यंतचं अख्खं विश्व, हातभर जागेत मांडलेलं.

या पेट्यांत मला सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो एक हिरवट दगडाचा मुखवटा. तळहाताएवढा. तो मेशिकांनी घडवलेला नाही. तो ओल्मेक लोकांचा, म्हणजे तो पेटीत ठेवला गेला तेव्हाच त्याचं वय दोन हजार वर्षांहून अधिक होतं. तेओतिवाकान या ओसाड महानगरातल्या वस्तूही इथे पुरलेल्या मिळतात. ते शहर मेशिकांच्या कित्येक शतकं आधी उजाड झालं होतं. कोणी बांधलं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याला नाव दिलं तेओतिवाकान, जिथे देव झाले ती जागा. त्यांची श्रद्धा अशी, की तिथे अंधारात देव जमले आणि त्यांच्यातला एक गरीब, अंगभर फोड आलेला देव आगीत उडी घेऊन सूर्य झाला. म्हणजे आजचा सूर्य एका देवाने स्वतःला जाळून मिळवून दिलेला. ते ऋण. बळी आणि नैवेद्य यांच्यासाठी नाउआत्लमध्ये जो शब्द आहे, नेश्त्लाउआल्ली, त्याचा अर्थच मुळी ऋण फेडणं. आणि ही फेड प्रत्येकाकडून होती. घायपाताच्या काट्यांनी, हाडाच्या टोच्यांनी आपल्याच कानातून, जिभेतून, पोटऱ्यांतून रक्त काढत. ते टोचे पेट्यांत मिळाले. गरुडवीरांच्या सभागृहातल्या फरशीच्या चुन्याचं रासायनिक परीक्षण केलं तेव्हा वेदीजवळ कोपाल या धुपाचे आणि रक्ताचे अंश आढळले. डाग डोळ्यांना दिसत नव्हते. चुन्याने पाचशे वर्षं ते धरून ठेवले होते.

आता 48 क्रमांकाची ठेव. तिच्याविषयी लिहिताना हात थांबतो, पण ती वगळून या धर्माविषयी लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्लालोकच्या बाजूला, देवळाच्या वायव्य कोपऱ्यात एक दगडी पेटी सापडली. आत 42 मुलांचे अवशेष. बहुतेकांची वयं दोन ते सात. समुद्राच्या वाळूवर निजवलेली, काहींच्या तोंडात हिरव्या दगडाचा मणी, अंगावर निळा रंग भुरभुरलेला. वर त्लालोकच्या चेहऱ्याचे अकरा दगडी घट, पाणी ओतत असल्यासारखे ठेवलेले.

पेटी पहिल्या मोक्तेसुमा राजाच्या कारकिर्दीतल्या बांधकामातली आहे. त्याच्या काळात पावसाने सलग डोळे वटारले. 1454 हे वर्ष, त्यांच्या गणनेत 'एक ससा', तिथल्या लोकांच्या तोंडी दुष्काळाचंच नाव होऊन बसलं. लोकांनी मक्याच्या बदल्यात पोटची पोरं किनाऱ्यावरच्या लोकांना विकली, असं इतिवृत्तं सांगतात. पेटीतल्या मुलांच्या हाडांवर कुपोषणाच्या आणि पांडुरोगाच्या खुणा आहेत, दात किडलेले आहेत. त्लालोकसाठी दिलेल्या मुलांनी रडावं, अश्रू म्हणजे येणाऱ्या पावसाची खूण, असं साआगुनच्या जाणकारांनी सांगितलं होतं. ते ऐकून पाद्र्यांना सैतान दिसला. या पेटीत मला सैतान दिसत नाही आणि क्षमाही करवत नाही. दिसतो तो पाऊस न आलेला समाज, ज्याने आपल्याजवळचं सर्वांत मऊ, सर्वांत मोलाचं जे होतं ते मातीत ठेवलं आणि आभाळाकडे पाहिलं.

बळींचे आकडे हा स्पॅनिशांनी आपल्या लुटीला दिलेला मुलामा होता, असं मानणारा एक मोठा प्रवाह विसाव्या शतकात होता. त्याला कारणही होतं. कोर्तेसचा सोबती आंद्रेस दे तापिया याने बळींची मुंडकी ओवून ठेवायच्या मांडवात 1 लाख 36 हजार कवट्या मोजल्याचं लिहिलं, जे कोणालाही अशक्य वाटावं. 2015 मध्ये कॅथेड्रलच्या मागे, ग्वातेमाला रस्त्यावरच्या एका जुन्या घराखाली हा मांडवच मिळाला. लाकडी खांब रोवल्याचे खळगे आणि शेजारी चुन्यात रचलेला कवट्यांचा गोल बुरूज. 2020 अखेर त्यातल्या 603 कवट्या मोजल्या गेल्या. तापियाने लिहिलेला आकडा नव्हे, पण तापियाने पाहिलेली वास्तू खरी. मात्र मानलं जात होतं तसे ते सगळे योद्धे नव्हते. अभ्यासलेल्या कवट्यांत तीन चतुर्थांश तरुण पुरुषांच्या, सुमारे वीस टक्के स्त्रियांच्या आणि उरलेल्या मुलांच्या. दातांचं आणि हाडांचं विश्लेषण सांगतं, की ही माणसं दूरदूरच्या प्रदेशांत जन्मली होती, पण मरण्यापूर्वी काही काळ याच शहराचं पाणी पीत आणि याच शहराचं अन्न खात होती. म्हणजे कोणी घरांत राबत असतील, कोणी सांभाळून ठेवलेले असतील. जमिनीने आक्रमकांची अतिशयोक्ती खोडली, तसं अभिमान्यांचं पांघरूणही काढून घेतलं.

आणि धरित्री? कोआत्लिकुएच्या तळाशी जी लपून होती, तिचं उघडं रूप 2 ऑक्टोबर 2006 ला मिळालं. देवळाच्या पायथ्याशी, चार मीटरांहून लांब आणि बारा टनांची शिळा, लाल, पिवळा, पांढरा, निळा, काळा रंग अजून अंगावर असलेली. त्लाल्तेकुत्ली बाळंत होण्याच्या बैठकीत आहे आणि त्याच वेळी तिच्या तोंडात रक्ताची धार जाते आहे. जी जन्म देते तीच गिळते. पंजाजवळ कोरलेलं 'दहा ससा' हे वर्षचिन्ह म्हणजे 1502, आउईत्सोत्ल राजाच्या मृत्यूचं वर्ष. लिओनार्दो लोपेस लुहान यांच्या पथकाने तिच्या खाली उघडलेल्या एकाच ठेवीत बारा हजारांहून अधिक वस्तू निघाल्या, त्यांत बहुतेक समुद्रजीवांचे अवशेष.

एवढं सगळं मिळालं, पण देवळाचा धनी मिळालेला नाही. उईत्सिलोपोच्त्लीची मोठी पाषाणमूर्ती तिथे सापडलेली नाही आणि त्याचं कारण लेखी साधनांतच आहे. त्याची उत्सवमूर्ती दगडाची नसेच. ती राजगिऱ्याच्या पिठाची, गोड चिकात मळून केलेली असे. उत्सवात तिला भाल्याने 'मारून' तिचे तुकडे वाटत आणि लोक ते भक्तिभावाने खात. पाद्र्यांना हे आपल्या पवित्र भाकरीचं विडंबन वाटलं आणि अशा मूर्तींवर त्यांनी बंदी आणली. पिठाचा देव मातीत उरत नाही. वस्तूंच्या साक्षीची ही मर्यादा, आणि म्हणून साआगुनचा ग्रंथ बाजूला सारून चालत नाही. तो राजगिरा मात्र उरला. मूळचा अमेरिकेचाच तो, आता आपल्याकडे एकादशीच्या लाडवांत आणि चिक्कीत असतो. मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर राजगिरा आणि मधाची अशीच वडी विकतात. तिचं नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद.

साआगुनच्या ग्रंथात या देवस्थानाच्या आवारातल्या 78 वास्तूंची यादी आहे. त्यांतल्या थोड्याच आजवर उघड झाल्या. बाकीच्या कॅथेड्रल, दुकानं आणि वाहत्या रस्त्यांच्या खाली आहेत. कोआत्लिकुए आता त्याच शहरातल्या मानववंशशास्त्र संग्रहालयाच्या मेशिका दालनात, सूर्यशिळेच्या सोबतीने उभी आहे. तिच्या तळाशी कोरलेली धरित्री आजही जमिनीकडेच तोंड करून आहे.